वर काय होतं

फोरमन म्हणाला, गारबट,
जिना दणकट कर. वर काही नसलं तरी चालेल.

मी केला. साधं देवदार,
वरून अक्रोडी रंगाचे दोन हात.
सतरा पायऱ्या, मग एक फळी,
फळीवर चहा देणारा पोरगा, लेस्ली.
नायिका मेणबत्ती घेऊन वर पोचली
की तो तिचा हात धरायचा
आणि मागच्या शिडीने तिला खाली उतरवायचा.
एवढंच होतं वर.

कोळिष्टकं रबराच्या द्रावणाची, पंख्यातून उडवलेली.
शतकाची धूळ म्हणजे चाळलेली मुलतानी माती.
बिजागऱ्यांत राळ भरली मी स्वतः.
बापाने मला शिकवलं होतं, दार वाजता कामा नये,
आणि आता दार वाजावं म्हणून
दर शुक्रवारी पाकिटात पगार.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही हलला होतो,
डोरीनच्या बहिणीकडे, जानेवारीत.
हेसल रोडवरचं थिएटर,
ओले कोट, माशांचा वास,
तीन दिवसांपुरते जमिनीवर आलेले खलाशी.
आइसलँडच्या पाण्यात
दोरांवर चढलेला बर्फ कुऱ्हाडीने फोडणारी माणसं,
आणि पडद्यावर दाराची मूठ फिरली
तेव्हा त्यांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले.
पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली,
अगं, नको जाऊ!
सगळं थिएटर हसलं,
आणि लगेच गप्प झालं.

मी डोरीनच्या कानात म्हटलं,
वर लेस्ली आहे. हातात चहाचा कप.
ती म्हणाली, गप्प बस, विल्फ.
जाऊ दे तिला वर.

मग नायिकेने माझ्या पायरीवर पाऊल ठेवलं.
नवव्या पायरीची चूक जरा वर आलेली,
ठोकायची राहून गेली होती.
मला ती चूक माहीत होती.
मला ती फळी, ती शिडी, सगळं माहीत होतं,
आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

म्हणतात, घर फिरलं की घराचे वासे फिरतात.
एक्केचाळीसच्या मे महिन्यात
फिरायला वासेच उरले नव्हते.
सकाळी गल्लीत उभं राहिलो तर
घरं समोरून कापलेली,
तीन मजल्यांचे तीन भिंतकागद उघड्यावर,
खिळ्याला एक कोट,
बटणं लावलेला, व्यवस्थित.
आणि ऑम्बलरबाईंच्या घराचा जिना,
नुसता जिना, आकाशात टेकलेला.
त्या भाड्याचं पुस्तक आणायला वर गेल्या होत्या.
डोरीन त्यांची धाकटी.

सिनेमातलं घर माणूस ओळखून खातं.
नाव घेऊन हाक मारतं,
आधी कुत्रा केकाटतो, मग मेणबत्ती थरथरते,
मग दार.
भोंगा अख्ख्या शहरासाठी वाजायचा,
हे सगळं तिच्या एकटीसाठी.
एवढं लक्ष कोण देतं कुणाकडे?
आणि भुतालाही तिथे एक पत्ता आहे,
स्वतःचं छप्पर, स्वतःचा कोपरा.
आमची कुठे राहतात, कोण जाणे.
त्या जागी आता बसथांबा आहे.

दिवे लागले. बायका एकमेकींना ढकलत हसत होत्या,
एक खलाशी म्हणाला, काही दम नव्हता,
आणि पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभा राहिला.

बाहेर दहिवर. आम्ही चिप्स घेतल्या,
व्हिनेगर जास्त, डोरीनला लागतं तसं.
पुलापर्यंत ती काही बोलली नाही.
मग कागद चुरगाळत तिने विचारलं,
खरं सांग. जिन्याच्या वर काय होतं?

मी म्हणालो, खोली.

कसली खोली?

साधीच. पलंग, खुर्ची.
खिडकी होती एक.

उघडी?

जरा थांबलो.
हो, म्हटलं.
नदीचा वारा येत होता.